मिळालेले पैसे कुणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुंतवणुकीत फसवणूक झाल्याची बातमी आपल्या अंकात आठवड्यातून एकदा तरी असतेच. मथळा ठरलेला: ‘जादा परताव्याच्या आमिषाने अमुक लाखांना गंडा’. खाली फिर्यादीचं वय, राहण्याचा भाग, पोलीस ठाणं, कलमं. मग दोन-चार दिवसांनी याच सदरात कुणी वाचक लिहितात की लोभ वाईट, शिकले-सवरलेले लोकही कसे फसतात याचं आश्चर्य वाटतं. मला आश्चर्य वाटत नाही. आणि लोभ हे मुख्य कारण आहे, हेही पटत नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त त्यातली आकडेमोड कापू नका.

मी धनकवडीत लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. माझ्याकडे येणारे म्हणजे भोसरी-चाकणच्या कंपन्यांतले कामगार, पीएमपीचे निवृत्त कंडक्टर, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, सातारा रस्त्यावरचे छोटे दुकानदार. जून-जुलै आला की टेबलावर बँक स्टेटमेंटांचा ढीग लागतो. माणूस तोंडाने सांगत नाही ते त्यात असतं. कुणी सोनं तारण ठेवलंय, कुणाचं पोरगं ऑनलाइन गेमवर पैसे उडवतंय, कुणाकडे यंदा कार्य आहे. अलीकडे त्यात आणखी एक प्रकारची नोंद दिसायला लागली आहे. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, ठरलेली रक्कम जमा. पगार नाही, घरभाडं नाही, एफडीचं व्याज नाही.

एका कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान असलेले गृहस्थ बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे येतात. त्यांच्या खात्यात दर सोमवारी सहा हजार. मी विचारलं, “भाऊ, हे सोमवारचे पैसे कसले?”

“चार्जिंग स्टेशनचं भाडं आहे, ताई. इलेक्ट्रिक गाड्यांचं. लाखाचा हिस्सा घेतलाय मी.”

“स्टेशन कुठंय?”

“ॲपमध्ये दिसतं ना. फोटो आहे, रोज किती युनिट खपली तेपण दिसतं.”

“आणि ॲप कुठून घेतलं?”

“मेहुण्यानं लिंक पाठवली.”

आता हा माणूस लोभी म्हणावा, तर कागदाच्या रिममागे पाच रुपये वाचावेत म्हणून तो अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरतो. पैसा त्याला कळतो. चार्जिंग स्टेशनमध्येही तो डोळे मिटून उतरला नव्हता. आधी मेहुण्याला पैसे येतात का, ते दोन महिने बघितलं. मग स्वतःचे दहाच हजार घातले. पुढच्या सोमवारी सहाशे आले, ते लगेच बँकेत वळवून बघितले. वळले. पुढच्या आठवड्यातही वळले. तेव्हा कुठे लाख घातले. सावध माणसाने जे करावं, ते सगळं त्याने केलं होतं, आणि गोम तिथेच आहे. पहिल्याच फटक्याला पैसे घेऊन पळणाऱ्याच्या हाती दहा हजार लागतात. वेळच्या वेळी पैसे देणाऱ्याच्या हाती लाख लागतो, आणि मागून साडू, शेजारी, दुकानातला पोरगा यांचेही.

तेव्हा आकडेमोड. एक लाख घातले, आठवड्याला ६ टक्के म्हणजे ६,००० परत. एक लाखाला सहा हजारांनी भागा. साडेसोळा आठवड्यांच्या वर जातं. म्हणजे योजनेच्या चालकाने काहीही धंदा केला नाही, दुसरं एकही गिऱ्हाईक आणलं नाही, तुमचेच लाख रुपये कपाटात ठेवले आणि त्यातलेच दर सोमवारी तुम्हाला पाठवले, तरी जवळजवळ चार महिने तो अगदी वक्तशीर आणि सचोटीचा दिसतो. महिन्याला १० टक्के देतो म्हणणारा दहा महिने असाच दिसेल. या काळात तुम्हाला उत्पन्न म्हणून एक रुपयाही मिळालेला नसतो. मुद्दल हप्त्याहप्त्याने घरी परत येत असते, आणि तिला आपण भाडं, नफा, परतावा म्हणतो. याच चार महिन्यांत आपण चार घरी जाऊन सांगतो की मला मिळतात बुवा. त्यात खोटं काही नसतं. पैसे खरोखर आलेले असतात. सांगणारा आपल्याच नात्यातला आणि खरं बोलणारा असतो, म्हणून ऐकणारा विश्वास ठेवतो. इतक्या फसवणुकींमध्ये मला लोभापेक्षा हा विश्वास जास्त दिसलाय.

नवीन माणसं आली की ही मुदत लांबते, एवढाच त्यांचा उपयोग. आणि जो पैसे काढतच नाही तो चालकाला सगळ्यांत प्रिय, म्हणून ‘काढू नका, परत गुंतवा, बोनस मिळेल’ हा आग्रह. आठवड्याला ६ टक्के चक्रवाढीने वर्षभर ठेवले तर लाखाचे वीस लाख सत्तर हजारांच्या आसपास होतात. ॲपच्या पडद्यावर एवढे आकडे दाखवायला चालकाला खर्च शून्य. रिझर्व्ह बँकेने ज्या वित्त कंपन्यांना ठेवी घ्यायची परवानगी दिली आहे, त्यांनासुद्धा ठेवींवर वर्षाला साडेबारा टक्क्यांहून जास्त व्याज देता येत नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

माणसं आणायची अट असेल तर तेही मोजता येतं. एकाने पाच आणायचे, त्या पाचांनी प्रत्येकी पाच. दहाव्या पायरीला ९७ लाख ६५ हजार ६२५ नवी माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती, मुळशी-वेल्ह्याच्या तान्ह्या पोरांसकट.

हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं नाही. ज्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो त्या चार्ल्स पाँझीने १९२० साली अमेरिकेत बोस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून पैसे गोळा केले. धंदा काय, तर एका देशात स्वस्तात घेतलेली टपालाची उत्तर-कूपनं दुसऱ्या देशात वटवायची. कल्पना ऐकायला बरी होती, किमतीत फरकही खरंच होता. पण त्याने घेतलेल्या पैशांना पुरायला सुमारे १६ कोटी कूपनं लागली असती, आणि चलनात होती २७ हजारांच्या आसपास. झेरॉक्सवाल्या भाऊंच्या ॲपमध्येही असाच एक हिशेब करता आला असता. एका स्टेशनवर दिवसाला किती गाड्या लागणार, युनिटमागे किती सुटणार, आणि त्यातून लाखाला आठवड्याचे सहा हजार निघतील का? दुकानाचं गणित ते दोन मिनिटांत करतात. हे केलं नाही, कारण पैसे येत होते. येणाऱ्या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही.

आता माझ्या कामातलं सांगते, कारण ते बातम्यांत कधी वाचलेलं नाही. खरी कंपनी तुम्हाला व्याज देते तेव्हा ठरावीक रकमेच्या वर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केलेला कर, कापते आणि तो तुमच्या पॅनवर जमा होतो. आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवरच्या कराचा आणि उत्पन्नाचा उतारा, उघडला की देणाऱ्याच्या नावासकट दिसतो. भाऊंचं एआयएस मी त्यांच्यासमोर उघडलं. बँकेचं व्याज होतं, चार्जिंग कंपनीचं नावही नव्हतं. ते म्हणाले, “कापत नाहीत ते बरंच की, ताई.”

मग स्टेटमेंट नीट बघितलं. एका सोमवारचे पैसे कुठल्याशा ट्रेडर्सकडून आलेले, पुढच्या सोमवारचे दुसऱ्या राज्यातल्या एका एंटरप्रायझेसकडून, त्याच्या पुढचे एका बाईच्या वैयक्तिक खात्यातून. त्यांनी लाख भरले तेही कंपनीच्या नावावर नव्हे, ॲपने त्या क्षणी दाखवलेल्या क्यूआर कोडवर, आणि दर वेळी कोड वेगळा. जी कंपनी म्हणे देशभर चार्जिंग स्टेशन चालवते, तिला स्वतःचं एक चालू खातं नसावं? ही खाती भाड्याने घेतलेली असतात. गरजू विद्यार्थी, बेकार तरुण थोड्या पैशांसाठी आपलं खातं आणि सिम दुसऱ्याच्या हाती देतात. पैसे देणाऱ्याचं नाव आठवड्याला बदलतंय, ही खूण कुठल्याही जाहिरातीपेक्षा बोलकी आहे आणि ती प्रत्येकाच्या पासबुकात असते.

मी त्यांना पैसे काढून घ्यायला सांगितलं. तोवर त्यांनी वहिनींचं सोनं तारण ठेवून आणखी रक्कम घातली होती. काढायला गेले तर ॲपवर संदेश: आयकर विभागाच्या नियमाप्रमाणे नफ्यावर ३० टक्के कर आधी भरा, मग पैसे सुटतील. भाऊ माझ्याकडे आले ते हा कर कसा भरायचा हे विचारायला! एक हप्ता तर भरूनही झाला होता. हे मोठ्या अक्षरांत छापता आलं तर छापा: आयकर कुणाच्या यूपीआयवर भरत नाहीत. टीडीएस असेल तर देणारा तो रकमेतून कापून घेतो. बाकीचा कर आपण स्वतः आयकराच्या पोर्टलवर, आपल्या पॅनवर, चलनाने भरतो. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे हे खरं, आणि भामटे तोच खरा आकडा उचलतात. पण आपलेच पैसे सोडवायला बाहेरून कर भरा असं कुठलाच कायदा सांगत नाही.

त्याच सुमारास त्यांच्या दुकानाच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी बँकेला कळवलं होतं. सोमवारचे ते सहा हजार तिकडच्या कुणा फसलेल्या माणसाचे होते, माग काढत पोलीस इथवर पोहोचले. आपण फसलो असताना चोरीच्या पैशांच्या वाटेत आपलं खातं सापडलं, हे त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली. कागदवाल्याचे चेक परत गेले ते वेगळंच.

लोभाबद्दल पुन्हा. अमेरिकेत अशीच योजना चालवणारा बर्नार्ड मॅडॉफ लोकांना दामदुप्पट देत नव्हता. महिन्याला साधारण एक टक्का, बाजार चढो वा पडो. त्याच्याकडे सहज प्रवेशही मिळत नसे. तो नॅसडॅक या शेअर बाजाराचा माजी अध्यक्ष, आणि त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांत बँका आणि धर्मादाय संस्था होत्या. डिसेंबर २००८ मध्ये तो कोसळला तेव्हा कागदावरची रक्कम सुमारे ६,५०० कोटी डॉलर होती. एक टक्क्याला लोभ म्हणायचं का? आपल्या पुण्याचं उदाहरण गेनबिटकॉइन या योजनेचं. महिन्याला १० टक्के बिटकॉइन, अठरा महिने. आयटीतली मंडळी त्यात होती, ज्यांना ब्लॉकचेन म्हणजे काय हे मला शिकवता आलं असतं. पुढे बिटकॉइन द्यायचे बंद झाले आणि कंपनीचंच एमकॅप नावाचं टोकन लोकांच्या गळ्यात पडलं. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडलं. तो २०२२ मध्ये वारला, खटला मागे राहिला. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन खासगी सायबर तज्ज्ञांनाच त्यातलं क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांना अटक करावी लागली. नंतर प्रकरण सीबीआयकडे गेलं. ज्यांचे पैसे गेले त्यांच्यापैकी कुणी नुसते बिटकॉइन घेऊन घरी बसलं असतं, तर आज माझ्याकडे भांडवली नफ्याचा हिशेब करायला आलं असतं.

 मुंबईच्या टोरेस या कंपनीचं तर दादरला झगमगीत दालन होतं, काचेच्या कपाटात मॉइसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे खडे, आणि त्यांवर आठवड्याला ६ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये शटर बंद दिसलं तेव्हा रस्त्यावर जमलेल्यांत भाजीवाले होते तसे नोकरदारही होते. आपल्या सांगलीकडची कडकनाथ कोंबड्यांची योजनाही लोक विसरले नसतील. कोंबडी, खडा, बिटकॉइन, चार्जिंग स्टेशन. समोर ठेवायला काहीतरी लागतं, आणि त्या वर्षी ज्याची चर्चा असेल ते ठेवतात.

काही जण मला सांगतात, हे भिशीसारखंच आहे. भिशीत बारा जणी महिन्याला जेवढे घालतात तेवढेच बाहेर येतात, कुणाला आधी, कुणाला नंतर. जास्तीचं कुठून येणार हा प्रश्नच नसतो, आणि बाराही जणी एकमेकींना ओळखतात. तुलना करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ हे तर रोज ऐकते. भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात ते कागद मला पाठ आहेत. कंपनी स्थापनेचा दाखला, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र. यांतला एकही कागद लोकांकडून पैसे घेण्याचा परवाना नाही. उद्यम नोंदणी तर स्वतःच्या माहितीवर, फुकट, घरबसल्या होते, मीच कितीतरी जणांची करून दिली आहे. ठेवी घ्यायच्या तर रिझर्व्ह बँकेची किंवा संबंधित नियामकाची परवानगी लागते. लोकांचे पैसे एकत्र करून गुंतवायचे तर सेबीची, म्हणजे शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची. सेबीचा नोंदणी क्रमांक दाखवला तरी तो सेबीच्या संकेतस्थळावर घालून नाव जुळतं का ते बघावं, कारण खऱ्या संस्थेचा क्रमांक उचलून स्वतःच्या ग्रुपवर टाकणारे पुष्कळ. आणि सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरला किंवा सल्लागाराला खात्रीशीर परताव्याची हमी द्यायला मनाईच आहे. ज्याने हमी दिली त्याने आपली ओळख सांगितली. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल २०१६ पासून आहे. कुणाला ठेवी घ्यायची परवानगी आहे ते तिथे बघता येतं, तक्रारही करता येते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

तक्रार मात्र लोक लवकर करत नाहीत. वरचे एजंट ग्रुपवर लिहितात की कुणी पोलिसांत गेलं तर खाती गोठतील, मग कुणालाच काही मिळणार नाही. सर्वेक्षणं भरा आणि पैसे कमवा म्हणणारी स्पीक एशिया २०११ मध्ये अडचणीत आली तेव्हा तिच्या सभासदांची संघटना कंपनीच्या बाजूने उभी राहिली होती. हे वेडेपण नाही. ज्याला अजून मुद्दल यायची आहे त्याला कंपनी चालू राहावी असंच वाटणार. शिवाय तक्रार करायची म्हणजे ज्या मेहुण्याने आणलं त्याचं नाव सांगायचं, आणि आपण ज्यांना आणलं त्यांना तोंड दाखवायचं. भाऊंनी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो मेहुण्याशी चार दिवस वाद घालून झाल्यावर. तासा-दोन तासांत केला असता तर पुढच्या खात्यात पडलेली काही रक्कम अडवता आली असती. चार दिवसांत ती कितव्या खात्यात गेली कोण जाणे. आणि एकदा बुडाले की किती काळ जातो, त्याला जमिनीच्या नावावर लोकांकडून पैसे घेणाऱ्या पर्ल्स कंपनीचं उदाहरण पुरेसं आहे. २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी परत करायचा आदेश दिला, २०१६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली, आणि ठेवीदारांना पुढे कितीतरी वर्षं फॉर्म भरत बसावं लागलं.

आता आपल्याकडे मागणं. फसवणुकीची बातमी छापताना रकमेबरोबर एवढंही छापा: परतावा किती टक्के सांगितला होता, पैसे कुणाच्या नावाच्या खात्यावर भरले, पहिले पैसे किती दिवसांनी परत आले आणि योजना कुणी सांगितली, म्हणजे नातेवाईक, सहकारी की ग्रुपवरची अनोळखी बाई. चार ओळी लागतील. ज्याच्या खात्यात आत्ता सोमवारचे पैसे येताहेत त्याला त्या चार ओळींत स्वतःचं स्टेटमेंट दिसेल. ‘आमिष’ या मथळ्यात दिसत नाही, कारण त्याला कुणी आमिष दाखवलंय असं त्याला वाटतच नाही.

दुसरं मागणं जरा अवघड आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये झाला. अशा योजनेसाठी ठेवी मागणं हाच त्यात गुन्हा आहे, एक ते पाच वर्षांची कैद. कमिशनवर घरोघरी जाणाऱ्या एजंटांनी आणि मेहुण्यांनी हे वाचावं. त्याच कायद्यात वृत्तपत्रांसाठीही एक तरतूद आहे. अशा योजनेची जाहिरात किंवा मजकूर छापला, तर सरकार त्या वृत्तपत्राला त्याच जागी, फुकट, तो मजकूर मागे घेत असल्याचं छापायला लावू शकतं. गेल्या दिवाळीत आपल्याच एका पुरवणीत ‘दरमहा खात्रीशीर उत्पन्न’ देणाऱ्या एका कंपनीची पाऊण पान जाहिरात होती. खाली फोन नंबर, क्यूआर कोड आणि कंपनी स्थापनेचा क्रमांक होता. सेबीचा किंवा रिझर्व्ह बँकेचा नव्हता. कात्रण माझ्याकडे आहे. आपल्या जाहिरात विभागाने तो क्रमांक मागितला होता का, आणि मागितला असेल तर काय उत्तर मिळालं, हे याच सदरात कळवावं.

आपली,
एक वाचक आणि कर सल्लागार
धनकवडी, पुणे ४३